अमेरिकेत मोठा पतंग किंवा दोराला बांधलेला फुगा उडवायचा असेल तर: पूर्वसूचना, परवानगी आणि लागणारी माहिती

संक्रांतीचा पतंग महोत्सव असो किंवा मंडळाच्या कार्यक्रमाची जागा लांबून कळावी म्हणून मैदानावर सोडलेला हेलियमचा फुगा असो, अमेरिकेत त्याला विमान वाहतुकीचे नियम लागू होऊ शकतात. फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या (एफएए) नियमावलीतला भाग १०१ त्यासाठीच आहे. ३ अंशांच्या उताराने येणारे विमान धावपट्टीपासून मैलभर अलीकडे असते तेव्हा जमिनीपासून जेमतेम ३०० फुटांवर असते. वैमानिकाला फुगा एखादवेळेस दिसेलही, पण त्याचा दोर दिसत नाही. म्हणून या नियमांत दोराबद्दल इतक्या बारकाईने लिहिले आहे.

नियम कशाला लागू होतो?

५ पौंडांपेक्षा (सुमारे २.३ किलो) जड पतंगाला, आणि ज्याचा व्यास ६ फुटांपेक्षा जास्त आहे किंवा ज्यात ११५ घनफुटांपेक्षा जास्त वायू मावतो अशा बांधलेल्या फुग्याला. गोल फुग्यात ही दोन्ही मापे जवळपास एकदमच गाठली जातात. फसगत होते ती लांबट फुग्यात: ५ फूट व्यासाच्या आणि १२ फूट लांबीच्या नळकांड्यात सुमारे २३५ घनफूट वायू मावतो, म्हणजे व्यास कमी असूनही तो नियमात येतो.

आपला नेहमीचा कागदी पतंग या वजनाच्या जवळपासही जात नाही, त्याला अर्ज लागत नाही. पण लोकांना किंवा मालमत्तेला धोका होईल असे काही उडवू नये, हे कलम १०१.७ लहान पतंगालाही लागू आहे. विमाने उतरतात त्या रेषेखालच्या बागेत पतंग उडवूच नका.

काय चालत नाही?

जमिनीपासून ५०० फुटांच्या वर, ढगाच्या तळापासून ५०० फुटांच्या आत, दृश्यमानता ३ मैलांपेक्षा कमी असताना, आणि कोणत्याही विमानतळाच्या हद्दीपासून ५ मैलांच्या आत. हे अंतर हद्दीपासून मोजायचे, धावपट्टीपासून नाही. शहरातला मोठा विमानतळ सगळ्यांच्या लक्षात असतो, शेताकडेची गवताळ धावपट्टी राहून जाते. एफएएच्या हवाई नकाशावर आधी जागा बघून घ्या.

यात एक मोठी सवलत आहे. फुगा किंवा पतंग एखाद्या इमारतीपासून २५० फुटांच्या आत आणि तिच्या माथ्यापेक्षा खाली राहणार असेल, आणि त्या इमारतीवरचे दिवे झाकले जाणार नसतील, तर वरच्या चारही मर्यादा लागू होत नाहीत. विमानतळाजवळच्या सभागृहात कार्यक्रम असेल तर हाच मार्ग धरा.

पूर्वसूचना

अशी आडोशाची जागा नसेल आणि उंची १५० फुटांच्या वर जाणार असेल, तर किमान २४ तास आधी जवळच्या एफएए हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राला कळवावे लागते. परवाना किंवा वैमानिक असण्याची अट नाही. द्यायची माहिती अशी:

- मालक आणि चालवणारे यांची नावे व पत्ते
- फुग्याचा आकार. पतंग असेल तर आकार आणि वजन
- ठिकाण
- जमिनीपासूनची उंची
- तारीख, वेळ आणि कालावधी

ठिकाण अक्षांश-रेखांशात आणि जवळच्या विमानतळापासूनच्या अंतर-दिशेसह सांगितलेले बरे. समुद्रसपाटीपासूनची उंचीही हाताशी ठेवा. डेन्व्हरसारख्या ठिकाणी जमीनच ५,२८० फुटांवर आहे, तिथे दोन आकड्यांची सरमिसळ महागात पडते. उंची काढताना दोराची लांबी आणि कोन धरा: २०० फूट दोर ४५ अंशांवर असेल तर पतंग १४१ फुटांवर असतो, वारा सुधारून कोन ६० अंश झाला की १७३ फुटांवर जातो. तेव्हा सूचना टाळायची असेल तर दोरच १५० फुटांचा ठेवा.

परवानगी

५ मैलांची किंवा ५०० फुटांची मर्यादा ओलांडायची असेल तर नुसती सूचना पुरत नाही, सूट मिळाल्याचे प्रमाणपत्र लागते. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. त्यासाठी एफएएचा फॉर्म ७७११-२ भरून कार्यक्रमाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो. त्यात संस्थेचे आणि जबाबदार व्यक्तीचे नाव, कोणत्या कलमातून सूट हवी (उदाहरणार्थ वरच्या चार मर्यादांचे कलम १०१.१३), नेमके काय करणार, कुठे, किती उंचीपर्यंत आणि कधीपासून कधीपर्यंत हे लिहायचे. ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ एवढ्या वर्णनाने काही कळत नाही. दोर कोण धरणार, फुगा किती मिनिटांत खाली आणता येईल, नियंत्रण केंद्राशी फोनवर कोण बोलणार हे स्पष्ट लिहा आणि जागेचा नकाशा जोडा.

प्रत्यक्ष उडवताना

दिवसा दोरावर १५० फुटांपासून वर दर ५० फुटांच्या आत रंगीत पताका हव्यात आणि त्या मैलभरावरून दिसायला हव्यात. सूर्यास्तानंतर फुगा किंवा पतंग आणि दोर, दोन्हींवर दिवे हवेत.

फुग्याला आणखी एक अट आहे: दोर तुटून तो निसटला तर आपोआप आणि झटकन वायू सोडणारे उपकरण त्यावर असलेच पाहिजे. भाड्याने फुगा घेताना पुरवठादाराला हे आधी विचारा. उपकरण चालले नाही तर फुगा कुठून आणि किती वाजता सुटला, आणि साधारण कोणत्या दिशेने चालला आहे, हे जवळच्या नियंत्रण केंद्राला ताबडतोब कळवणे बंधनकारक आहे. तो नंबर दोर धरणाऱ्याच्या फोनमध्ये आधीच असू द्या.