रेबीज, मंद विषाणुसंसर्ग आणि प्रायॉन रोग

शरीरात शिरल्यावर दीर्घकाळ मूक राहणारे, पुढे मेंदू व मज्जारज्जूचा घात करणारे आणि लक्षणे उमटल्यावर बहुधा मृत्यूकडेच नेणारे रोग या नोंदीत एकत्र घेतले आहेत. रेबीज हा त्यांतील सर्वांत परिचित आणि सोलापूर जिल्ह्यात आजही धोका टिकवून असलेला रोग आहे. गोवरानंतर काही वर्षांनी उद्भवणारा मेंदूदाह हे मंद विषाणुसंसर्गाचे ठळक उदाहरण होय. प्रायॉन रोगांत तर विषाणूही नसतो, विकृत घडीचे प्रथिनच रोग पसरवते. कारणे वेगळी असली तरी रोगकारक शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतचा परिपाककाल हा तिन्हींचा गाभा आहे, कारण जे काही करता येते ते त्याच काळात किंवा त्याच्याही आधी करावे लागते.

रेबीजचा विषाणू लिसाव्हायरस प्रजातीतील असून त्याचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा असतो. तो पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून चावा, ओरखडा किंवा उघडी जखम यांवाटे शिरतो. धड कातडीतून तो शिरत नाही. प्रथम जखमेजवळच्या स्नायूत थोडा वाढून तो चेतातंतूंच्या टोकांत प्रवेश करतो आणि दिवसाला सुमारे ५ ते १० सेंटिमीटर या गतीने मज्जारज्जूकडे व मेंदूकडे सरकतो. हा प्रवास रक्तातून होत नसल्याने शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला त्याची चाहूल उशिरा लागते. परिपाककाल बहुधा १ ते ३ महिन्यांचा असतो. चेहरा, मान आणि हाताची बोटे यांवरील चाव्यांत तो कमी, तर क्वचित वर्षाहूनही अधिक असतो. मेंदूत पोचलेला विषाणू चेतातंतूंवाटेच पुन्हा लाळग्रंथींत उतरतो.

चाव्याच्या जागी मुंग्या किंवा खाज येणे आणि ताप यांनी आजार सुरू होतो. सुमारे ८० टक्के रुग्णांत तो उग्र रूप घेतो: पाण्याचा घोट घेताना, पुढे पाणी नुसते पाहूनही, घशाचे व श्वासाचे स्नायू वेदनेने आकडतात आणि वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही. मधूनमधून रुग्ण पूर्ण शुद्धीवर येऊन बोलतो, आणि घरच्यांना हेच सर्वांत जड जाते. उरलेल्यांत आजार पक्षाघाताच्या रूपाने येतो. पाण्याची भीती नसल्याने तो सहज ओळखू येत नाही. यातून वाचलेल्यांची जगभरातील संख्या अगदी तुरळक आहे.

माणसांतील सुमारे ९९ टक्के रेबीज कुत्र्यांपासून होतो. सोलापूरच्या माळरानावर मात्र लांडगा, कोल्हा आणि खोकड हे प्राणीही आहेत, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात मेंढपाळांचे वाडे त्यांच्या वावराच्या क्षेत्रातच उभे राहतात. पिसाळलेला लांडगा क्वचितच भेटतो, पण तो अनेक ठिकाणी आणि बऱ्याचदा चेहऱ्यावर चावतो, म्हणून ती जखम सर्वांत गंभीर समजावी. दुभत्या जनावरांचा धोका वेगळा आहे. पिसाळलेल्या म्हशीला गिळता येत नाही, तेव्हा घशात काही अडकले असावे असे समजून शेतकरी तिच्या तोंडात हात घालतो. हाताला चीर असेल तर लाळेतला विषाणू तेथून शिरू शकतो. तिचे उकळलेले दूध प्यायल्याने मात्र रेबीज होत नाही. म्हैस मेल्यावर दूध प्यायलेले सारे गाव लशीच्या रांगेत उभे राहते आणि लाळेत हात घातलेला माणूस कामात गुंतून मागे राहतो, असे होऊ देता कामा नये.

चावल्यानंतर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे हा पहिला आणि अत्यंत परिणामकारक उपचार आहे, कारण विषाणूचे बाह्य आवरण साबणाने नष्ट होते. तिखट, चुना किंवा हळद जखमेत भरल्याने धुणे राहून जाते आणि जखम चिघळते. त्यानंतर लस घ्यावी. शासकीय रुग्णालयांत ती बहुधा कातडीत दोन जागी, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. स्नायूत दिल्यास १४ वा दिवसही धरून पाच मात्रा होतात. रक्त आलेल्या जखमेत लशीबरोबर तयार प्रतिपिंडेही (विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने) जखमेच्या आत व भोवती टोचावी लागतात, कारण लशीमुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला एक ते दोन आठवडे जातात. गावच्या आरोग्य केंद्रात लस मिळाली तरी प्रतिपिंडांसाठी सोलापूरच्या सिव्हिलपर्यंत जावे लागू शकते. ती खेप टाळू नये. पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती ही मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लशीची आहे. ती लस भारतात सुमारे वीस वर्षांपूर्वीच बंद झाली, पण भीती टिकून आहे. सोलापूर शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलल्या जातात, म्हणून ही माहिती त्या भाषांतही भिंतींवर लागायला हवी.

मंद संसर्गाची, म्हणजे वर्षानुवर्षे मूक राहून सावकाश घात करणाऱ्या संसर्गाची, कल्पना आइसलँडचे ब्योर्न सिगुर्डसन यांनी १९५४ मध्ये मेंढ्यांच्या रोगांवरून मांडली. माणसांत तिचे स्पष्ट उदाहरण म्हणजे गोवराच्या विषाणूमुळे होणारा अनुतीव्र काठिण्यकारी सर्वमेंदूदाह. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना याचा धोका अधिक असतो. गोवर बरा होतो, मूल शाळेत जाऊ लागते, आणि बहुधा ६ ते १० वर्षांनी त्याचा अभ्यास मागे पडतो, हातातून वस्तू निसटतात, अंगाला ठरावीक अंतराने झटके बसतात. सुरुवातीला यास आळस किंवा वाईट संगत समजून मुलाला रागावले जाते. बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावतात. या रोगापासून रक्षण गोवर-रुबेला लशीच्या ९ महिन्यांच्या आणि १६ ते २४ महिन्यांच्या मात्रांनीच होते. ऊसतोडीसाठी घर सोडणाऱ्या कुटुंबांची बाळे नेमक्या या मात्रांना मुकू शकतात. साखर कारखान्यांच्या तळावर जाऊन केलेले लसीकरण म्हणूनच मोलाचे आहे. जेसी विषाणूमुळे होणारा मेंदूच्या श्वेतद्रव्याचा ऱ्हास हाही याच गटातील असून तो मुख्यतः एचआयव्हीबाधित किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत आढळतो.

मेंढ्यांमधील स्क्रेपी आणि पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमधील कुरू हे रोगही प्रथम मंद विषाणूंचेच मानले जात. मृत आप्तांचे मांस व मेंदू खाण्याच्या अंत्यविधीतून कुरू पसरत होता आणि ती प्रथा थांबल्यावर तो ओसरला. अमेरिकी वैज्ञानिक स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये प्रायॉन ही संज्ञा मांडली. त्यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. चेतापेशींवरील एक नेहमीचे प्रथिन चुकीच्या घडीत वळते आणि शेजारच्या प्रथिनांनाही तीच घडी लावते. पेशी मरतात आणि मेंदूत सूक्ष्म पोकळ्या पडतात. क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा माणसांतील प्रायॉन रोग दरवर्षी दहा लाखांत एक ते दोघांना, बहुधा साठीच्या आसपास आणि कोणत्याही बाह्य संसर्गाशिवाय होतो. काही आठवड्यांत वाढत जाणारा स्मृतिभ्रंश व अंगाचे झटके ही त्याची लक्षणे आहेत. ब्रिटनमध्ये हाडे व मांस यांचा चुरा गुरांच्या खाद्यात मिसळल्याने गायींचा प्रायॉन रोग (मॅड काऊ) पसरला आणि त्याचे माणसातील रूप १९९६ मध्ये जाहीर झाले.

प्रायॉन रोगांवर औषध नाही. फॉर्मॅलिनने प्रायॉन नष्ट होत नाहीत आणि नेहमीच्या निर्जंतुकीकरणालाही ते पुरून उरतात. मेंदूवरील शस्त्रक्रियेची उपकरणे टाकून द्यावी लागतात किंवा तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून १३४ अंश सेल्सियसच्या दाबयुक्त वाफेत निर्जंतुक करावी लागतात. पूर्वी अशी उपकरणे, मृतांच्या ग्रंथींपासून काढलेले वाढीचे संप्रेरक आणि मेंदूवरील आवरणाचे कलम यांतून क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग दुसऱ्यांना झाला आहे, म्हणून निदान न झालेल्या मेंदूविकाराने दगावलेल्या व्यक्तीचे नेत्रपटल प्रत्यारोपणासाठी घेतले जात नाही. रेबीजही नेत्रपटलातून संक्रमित झाल्याची उदाहरणे असल्याने हा नियम तेथेही लागू आहे.