गंजदुरुस्तीतील मोटारीची टेकूबांधणी

जुन्या मोटारीच्या सांगाड्यातील गंजलेला भारवाहक पत्रा कापून त्या जागी नवा पत्रा जोडेपर्यंत सांगाडा वाकू, पिळू किंवा बसू नये, यासाठी त्याला खालून दिलेला आधार आणि आतून जोडलेले तात्पुरते लोखंडी बंध यांचा समावेश टेकूबांधणीत होतो. गॅरेजच्या बोलीत याला सरसकट ‘सपोर्ट मारणे’ म्हणतात. मुंबईतल्या जुन्या इमारतींना दुरुस्तीपूर्वी टेकू लावतात त्याच जातीचे हे काम आहे. इमारतीच्या टेकूने मात्र छप्पर खाली येऊ नये एवढेच पाहायचे असते, तर मोटारीच्या टेकूला दरवाज्याच्या फटीतल्या दोन मिलिमीटरचाही हिशेब ठेवावा लागतो.

या कामाची गरज मोटारीच्या रचनेतून निर्माण होते. ज्या मोटारींना शिडीसारखी स्वतंत्र चासी असते, त्यांत इंजिन, चाके आणि स्प्रिंगा यांचा भार चासी उचलते आणि वरचा पत्रा बहुतांशी आवरणापुरता असतो. एकसंध किंवा मोनोकॉक रचनेत अशी चासीच नसते. तळपत्रा, दरवाज्याखालच्या पेट्या, खांब, छत आणि पुढची आडवी भिंत हे सर्व एकमेकांना जोडून तयार झालेली पत्र्याची पेटी हीच गाडीचा कणा असते. इटलीची लान्सिया लॅम्ब्डा १९२२ साली या दिशेने गेली, आणि १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हान्टने पूर्ण पोलादी एकसंध सांगाडा मोठ्या उत्पादनात आणला. भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ दिसलेल्या दोन्ही गाड्या, म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसडर आणि फियाट ११०० वरून आलेली प्रीमियर पद्मिनी, याच रचनेच्या आहेत. अशा गाडीतला गंजका भाग कापणे म्हणजे झिजलेले आवरण बदलणे नव्हे. चालू घराची तुळई काढण्यासारखेच ते आहे.

या रचनेतला सर्वांत नाजूक आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे दरवाज्याखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी, जिला सिल म्हणतात. तिचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असूनही ती मजबूत ठरते, कारण ती चारही बाजूंनी बंद असते. उदबत्तीच्या पुड्यातली पुठ्ठ्याची गोल नळी दोन्ही हातांनी पिळून पाहिली तर ती पिळत नाही. तिलाच ब्लेडने उभी चीर दिली की तीच नळी बोटांच्या जोरानेही मुरडते. पातळ पत्र्याची बंद पेटी आणि उघडी पेटी यांच्या पिळाला विरोध करण्याच्या क्षमतेत शेकडो पटींचा फरक असू शकतो. सिलचा बाहेरचा पत्रा कापल्याबरोबर गाडी या चिरलेल्या नळीच्या अवस्थेत जाते. छप्पर असलेल्या गाडीत वरचे छत आणि खांब काही भार वाटून घेतात. उघड्या छताच्या गाडीत, म्हणजे रोडस्टरमध्ये, तोही दिलासा नसतो.

सिलमधले पाणी बाहेर जाण्यासाठी तळाशी ठेवलेली भोके चिखलाने बुजतात, जाजमाखालची ओल महिनोन्‌महिने सुकत नाही आणि पत्रा आतून खाल्ला जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडामध्ये तो वाढला की स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे ठिकठिकाणी ठिपक्यांनी जोडणारे वेल्ड, उसवत जातात. बाहेरचा रंग फुगलेला दिसतो तेव्हा पेटीच्या आतला उभा पत्रा, म्हणजे पडदा, बहुधा गेलेला असतो. अशी गाडी चार चाकांवर उभी असताना मध्यभागी हळूहळू बसते, दरवाज्याच्या पुढचा आणि मागचा खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात आणि दरवाज्याच्या मागच्या कडेची फट वर अरुंद, खाली रुंद होते. दरवाजा हाच या कामातला पहिला मापक आहे. मात्र बिजागरीची पिन झिजून दरवाजा लोंबला तरीही फट अगदी अशीच दिसते. म्हणून अर्धवट उघडलेला दरवाजा टोकाशी धरून वर उचलून पाहावा. तो हातात खुळखुळला तर आधी पिना बदलाव्यात आणि मगच सांगाड्याला दोष द्यावा. जॅकने गाडी उचलल्यावर दरवाजा अडकू लागला किंवा एकदम मोकळा झाला, तर मात्र सांगाडा हलतो आहे याबद्दल शंका उरत नाही.

टेकू सांगाडा सरळ करत नाही, तो आहे त्या स्थितीत धरून ठेवतो. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळेच या कामातल्या बहुतेक चुका होतात. बसलेल्या गाडीत घाईने पाइप जोडले तर तिचा बसकेपणाही पाइप तितक्याच इमानाने धरून ठेवतात, आणि नवी सिल जोडून झाल्यावर तो वाकडेपणा कायमचा होतो. त्यामुळे क्रम असा असतो की प्रथम मोजायचे, मग गाडी योग्य मापावर आणायची आणि नंतर बंध घालायचे. मोजमापासाठी महागडे यंत्र अपरिहार्य नाही. सपाट फरशी, मोजपट्टी, लेव्हलची नळी आणि ओळंबा एवढ्यावर बरेच काम होते. सस्पेन्शनच्या बोल्टांची भोके आणि कारखान्याने ठेवलेली मापनभोके यांखाली ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करतात आणि डाव्या पुढच्या खुणेपासून उजव्या मागच्या खुणेपर्यंतचा कर्ण दुसऱ्या कर्णाशी ताडून पाहतात. दरवाज्याच्या चौकटीचेही दोन्ही कर्ण आणि वर, मध्ये, खाली अशा तीन रुंद्या लिहून ठेवाव्यात. आकडे वहीतच लिहावेत. पत्र्यावर खडूने लिहिलेले ग्राइंडरच्या पहिल्या फेरीत उडून जातात. अपघात झालेल्या गाडीत डावी-उजवी तुलना फसवी ठरते, तिथे कारखान्याच्या मापपत्रकालाच विचारावे लागते.

खालचा आधार कुठे द्यावा, याचे साधे उत्तर असे की गाडी रस्त्यावर जिथे भार टेकवते तिथे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या जोडांखाली. गाडी केवळ मध्यावर स्टँड देऊन उभी केली तर इंजिनच्या वजनाने पुढचा भाग खाली झुकतो आणि दरवाज्याची फट वर उघडते. केवळ दोन टोकांना आधार दिला आणि मध्य मोकळा ठेवला तर गंजलेली गाडी मध्ये बसते. म्हणून टोकांच्या मुख्य आधारांबरोबर मधल्या भागाखाली जाड लाकडी फळी घालून स्क्रू-जॅक लावतात आणि फट मापावर येईपर्यंत तो पाव-पाव फेऱ्याने फिरवतात. फळीशिवाय जॅक लावला तर तो कुजलेला पत्रा भेदून आत घुसतो. इंजिन काढावे की ठेवावे यावर कारागिरांत मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकाला सुटसुटीत, हलका केलेला सांगाडा अधिक बरा वाटतो. पण ज्या भारात माप घेतले त्याच भारात वेल्डिंग पूर्ण करणे हे त्याहून महत्त्वाचे आहे. मध्येच इंजिन उतरवले की आधीची सगळी मापे बाद होतात. हायड्रॉलिक जॅकवर गाडी रात्रभर ठेवू नये, कारण तो थेंबाथेंबाने उतरतो, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली तर कधीच जाऊ नये.

बंधांसाठी सहसा २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, सुमारे २ ते ३ मिलिमीटर जाडीचा, वापरतात. तो काळा लोखंडी असावा. नळकामाचा जस्त चढवलेला जीआय पाइप सहज मिळतो, परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने त्यावरच्या जस्ताचा धूर होतो आणि तो श्वासावाटे गेल्यास काही तासांत थंडी-ताप भरतो. प्रत्येक दरवाज्यात पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एक आडवा आणि एक तिरका पाइप असावा, कारण तिरक्या पाइपाशिवाय चौकट समांतर सरकते आणि त्रिकोण झाला की अडते. डाव्या-उजव्या खांबांना जोडणारे आडवे बंध आणि त्यांच्यामध्ये एखादा कर्ण दिला नाही, तर दोन्ही दरवाजे वेगवेगळे बरोबर राहूनही सांगाडा आडवा पिळू शकतो. पाइप थेट खांबाच्या पत्र्यावर जोडण्यापेक्षा बिजागरी आणि कुलपाच्या बोल्टांवर बसणाऱ्या जाड पट्ट्यांना जोडणे चांगले. भार पसरतो आणि मूळ पत्रा जळत नाही. पाइपात दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असलेला टर्नबकल घातला तर फट बारीक प्रमाणात कमी-जास्त करता येते. सर्व बंध चौकटीच्या थोडे आतल्या बाजूला असले पाहिजेत, म्हणजे ते जागेवर असतानाही दरवाजा बसवून बंद करता येतो. दरवाजाच बसत नसेल अशी टेकूबांधणी निरुपयोगी आहे.

प्रत्यक्ष क्रम समजण्यासाठी एमजीबी रोडस्टर हे चांगले उदाहरण आहे. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे तयार होत असे. तिची सिल बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि आतली भिंत अशा तीन थरांची असून खाली किल्ल्याच्या तटासारख्या कातऱ्या कडेची पट्टी येते. बाहेरची सिल दोन्ही टोकांना मडगार्डांखाली शिरलेली असते. पुढचे मडगार्ड बोल्टांनी निघते, पण मागचे वेल्ड केलेले असल्यामुळे त्याचा खालचा भाग कापावा लागतो. अनेक गाड्यांवर जुन्या गंजक्या सिलवरच नवी झाकण-सिल चढवलेली आढळते, तिचा भार वाहण्याशी संबंध नसतो. काम एका वेळी एकाच बाजूचे करावे आणि त्या बाजूचा तळपत्रा शक्यतो त्याच वेळी काढू नये. स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवून प्रथम बाहेरचा पत्रा काढतात, पडदा आणि आतली भिंत तपासून हव्या त्या ठिकाणी बदलतात, नवी सिल क्लॅम्पने पकडतात, दरवाजा आणि पुढचे मडगार्ड बसवून फटी पाहतात, आणि त्या एकसारख्या आल्यावरच वेल्डिंगचे टाके मारतात. दरवाजा दहा-पंधरा वेळा काढून-घालून झाला तर काम नीट चालले आहे असे समजावे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडे मूळ साच्यांतून काढले. फार कुजलेल्या गाडीत तो पर्याय खर्चाच्या दृष्टीनेही विचारात घ्यावा लागतो.

टेकू बरोबर असूनही वेल्डिंगची उष्णता माप बिघडवू शकते. तापलेला पत्रा प्रसरण पावू पाहतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला दाबून धरतो, आणि थंड होताना तो मूळच्यापेक्षा आखूड होतो. सलग लांब शिवण मारली तर सिल धनुष्यासारखी ओढली जाते. म्हणून एक टाका पुढे, दुसरा मागे, तिसरा मध्ये असे विखरून मारतात आणि हात लावता येईल इतके थंड होईपर्यंत थांबतात. घाई असलेल्या कारागिराला हे थांबणेच सर्वांत अवघड जाते.

स्वतंत्र तळाच्या गाड्याही या नियमातून पूर्ण सुटत नाहीत. फोक्सवॅगन बीटलचा वरचा सांगाडा बोल्ट काढून तळापासून उचलता येतो, पण तिच्या सिल गरम हवेच्या नळ्यांचेही काम करतात आणि त्याच आधी गंजतात. दरवाज्यांत बंध न घालता तो उचलला तर खांब फाकतात आणि पुन्हा खाली ठेवताना बोल्टांची भोके जुळत नाहीत. संपूर्ण गाडी कुशीवर फिरवणारा फिरता स्टँड तळाची सफाई आणि रंग यांसाठी सोयीचा असतो. परंतु त्यावर सांगाडा केवळ दोन टोकांनी टांगलेला राहतो, म्हणून भारवाहक जोड जमिनीवर, समपातळीत पूर्ण करूनच गाडी त्यावर चढवणे इष्ट ठरते.

महाराष्ट्रात किनारपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे हा प्रश्न नित्याचा आहे. रोजच्या वापरातल्या गाडीवर पत्र्याचे ठिगळ मारून, वर लांबी (पुट्टी) भरून रंग देण्याची रीत होती, आणि आणखी दोन पावसाळे काढण्यापुरती ती पुरेशी होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्यानंतर उरलेल्या पद्मिनी बहुतेक हौसेने जपलेल्या आहेत, आणि त्यांना ठिगळाचा न्याय लावता येत नाही.

बंध काढण्याची वेळ दोन्ही सिल, तळपत्रा आणि आडव्या पट्ट्या पूर्ण जोडून थंड झाल्यावर येते. ते एकदम न तोडता एकेक सोडवतात आणि प्रत्येकानंतर चौकटीचे कर्ण पुन्हा वहीतल्या आकड्यांशी ताडतात. पाइप कापताना तो टणत्कार करून उडाला, तर सांगाड्यात ताण अडकलेला होता असे समजून तिथेच थांबावे आणि फटी तपासाव्यात. पाइपांच्या खुणा घासून, जस्तयुक्त प्रायमर देऊन, पोकळीत मेण फवारले जाते; मेणाने सिलच्या तळाची पाणी जाण्याची भोके बुजली असतील, तर ती तारेने पुन्हा मोकळी करतात.