अकरा मैलांची नांगरट

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब व तेवढीच रुंद जमीन, हे शेतीशी थोडाही संबंध असलेल्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पण एकर हे मूळचे इंग्रजी माप लांबीरुंदीतून नव्हे, तर जनावरांच्या दमातून जन्मले. एका दिवसात एका औताने जेवढी जमीन नांगरून होईल तेवढा एकर, अशी त्याची जुनी ओळख आहे. नांगराचे तास नऊ इंच रुंद धरले, तर एका एकरातील सर्व तासांची एकत्रित लांबी बरोबर अकरा मैल, म्हणजे सुमारे १७.७ किलोमीटर भरते. नांगऱ्या आणि त्याचे दोन घोडे ही वाट रोज पायी तुडवीत असत, आणि ही मोजदाद तासाच्या टोकाला वळण्याचे श्रम सोडून आहे.

इंग्लंडमध्ये ही अकरा मैलांची चाल आजही थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. ओढकामाच्या अवजड घोड्यांचे क्लब आणि संस्था तेथे नांगरणीच्या स्पर्धा आणि प्रत्यक्ष कामाचे दिवस भरवतात. नवख्यांना घोडा जुंपायला शिकवले जाते, पेरणी, कुळवणी आणि गवतकापणीची जुनी अवजारे दुरुस्त करून वापरात ठेवली जातात. बाहेरून पाहणाऱ्याला हा हौशी लोकांचा उद्योग वाटतो, आणि काही अंशी तो तसा आहेही. परंतु शास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर जे एरवी कोठल्याही प्रयोगशाळेत जतन करता येणार नाही असे काहीतरी या मंडळींच्या हाती आहे.

ब्रिटनमधील ओढकामाच्या प्रमुख जाती म्हणजे शायर, स्कॉटलंडचा क्लाइड्सडेल आणि पूर्व इंग्लंडचा सफोक. शेवटच्या दोन जातींच्या संस्था १८७७ मध्ये आणि शायरची १८७८ मध्ये स्थापन झाली. सफोकचा इतिहास विशेष नोंदण्यासारखा आहे. १८८० मध्ये हर्मन बिडेल यांनी या जातीची पहिली वंशावळ छापली. आजच्या सगळ्या सफोक घोड्यांची पितृपरंपरा १७६८ मध्ये जन्मलेल्या, अफर्ड गावच्या क्रिस्प नावाच्या मालकाच्या एकाच घोड्यापाशी पोहोचते. रंग फक्त तांबूस आणि पाय स्वच्छ, म्हणजे शायरसारखे घोट्याभोवती केसांचे झुपके नाहीत. सफोक परगण्यातील चिकण जमिनीत दिवसभर राबणाऱ्या घोड्याच्या झुपक्यांत चिखलाचे गोळे अडकून बसले असते, तेव्हा या स्वच्छ पायांमागे सौंदर्यदृष्टीपेक्षा शेतकऱ्याचा व्यवहार अधिक आहे.

असा घोडा किती काम करतो? १७८० च्या दशकात जेम्स वॉटला आपली वाफेची यंत्रे विकण्यासाठी घोड्याशी तुलना करता येईल असे माप हवे होते. त्याने एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असा आकडा ठरवला, जो आजच्या हिशेबात ७४६ वॅट होतो. हा आकडा त्या काळच्या सामान्य घोड्याला दिवसभर पेलणारा नव्हता. गिऱ्हाईक निराश होऊ नये म्हणून वॉटने माप सढळ हाताने ठेवले असावे. मोठ्या घोड्याला मात्र तो आकडा शोभतो. ओढकामाचा घोडा आपल्या वजनाच्या साधारण एक दशांश इतका जोर तासन्‌तास लावू शकतो, असा अनुभवसिद्ध नियम आहे. ७५० किलोचा घोडा ७५ किलोचा जोर लावत ताशी चार किलोमीटर चालला, तर त्याची शक्ती सुमारे ८१५ वॅट, म्हणजे एका अश्वशक्तीहून किंचित अधिक भरते.

आता नांगराकडून हिशेब करून पाहू. मध्यम पोताची जमीन कापताना तासाच्या दर चौरस सेंटीमीटरमागे सुमारे चारशे ग्रॅमचा विरोध होतो असे धरू. तास २३ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल असेल, तर एकूण विरोध १३८ किलोच्या घरात जातो. दोन घोड्यांचा दिवसभर टिकणारा जोर १५० किलो. नऊ इंची तास आणि घोड्यांची जोडी हे प्रमाण कोणा अभियंत्याने कागदावर काढलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या घोडे दमवून आणि जमीन चाचपून ते ठरले आहे. चिकण जमिनीत विरोध दुपटीपर्यंत जातो, आणि तेथे तीन किंवा चार घोडे जुंपावे लागतात.

क्षणभराची ताकद ही निराळीच गोष्ट आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या आयोवा राज्यातील जत्रेत झालेल्या ओढीच्या स्पर्धांची मोजमापे वापरून दोन संशोधकांनी १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की काही सेकंदांपुरता एक घोडा जवळजवळ पंधरा अश्वशक्ती देऊ शकतो. शेतात याचा उपयोग मोठा आहे. फाळ एखाद्या मुळीत अडला, की ठरावीक शक्तीचे लहान इंजिन बंद पडते. घोडा मात्र मान खाली घालतो, मागचे पाय रोवतो आणि अडथळा पार करून पुन्हा आपल्या चालीला लागतो.

हा जोर घोड्याच्या अंगातून नांगरापर्यंत पोहोचवायचा कसा, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. आपल्या बैलाला वशिंड असते. त्याच्या पुढ्यात मानेवर जू टेकते आणि ओढ तेथून लागते. घोड्याला वशिंड नाही आणि त्याची मान वर उचललेली असते, त्यामुळे जू त्याच्या कामाचे नाही. त्याची ओढ खांद्याच्या फऱ्यांवरून घ्यावी लागते, आणि त्यासाठी पेंढा भरलेली, चामड्याने मढवलेली, मानेच्या बुडाशी घट्ट बसणारी अंडाकृती कॉलर वापरतात. ही कल्पना चीनमध्ये प्रथम दिसते आणि मध्ययुगात युरोपात रुळते. रोमन काळातील साजाने घोड्याचा गळा आवळला जाई आणि म्हणून प्राचीन युरोपात घोडा शेतीला निरुपयोगी होता, असा सिद्धान्त लफेब्र दे नोएत या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला आणि तो कितीतरी पाठ्यपुस्तकांत शिरला. पुढे झाँ स्प्रुईत या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाने जुन्या चित्रांबरहुकूम साज बनवून तो खऱ्या घोड्यांवर चढवला, तेव्हा असे दिसले, की लफेब्रने दोन वेगवेगळ्या साजांची सरमिसळ केली होती आणि गळा आवळणारा साज प्रत्यक्षात तसा वापरातच नसावा. ग्रंथालयात बसून हा वाद मिटला नसता. त्यासाठी घोडा जुंपता येणारा माणूस लागला.

कॉलरपासून निघणाऱ्या दोन साखळ्या मागे एका आडव्या लाकडी दांड्याला अडकवतात, आणि दोन घोड्यांचे असे दोन दांडे एका मोठ्या दांड्याच्या टोकांना जोडतात. मोठ्या दांड्याची खीळ मध्यावर असली, की दोघांवर समान भार येतो. एक घोडा तरुण किंवा अशक्त असेल, तर खीळ थोडी दुसऱ्या घोड्याच्या बाजूला सरकवतात. त्यामुळे कच्च्या घोड्याच्या वाट्याला तरफेची लांब बाजू येते आणि तो कमी जोरात आपली जागा राखतो. आपल्या जुवालाही हाच नियम लागू पडतो. शाळेत तरफेचे तीन प्रकार पाठ करून घेणाऱ्यांनी हे उदाहरण का वगळले, कोण जाणे.

घोड्याच्या अंगातही या कामाच्या खुणा आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, निरनिराळ्या जातींच्या घोड्यांच्या आकारातील सुमारे ८३ टक्के फरक जनुकसंचातील केवळ चार जागांवरून सांगता येतो. छोटे तट्टू आणि शायर यांच्यातील अंतर पाहता ही संख्या फारच लहान आहे, आणि माणसाने निवड करून घोड्याचा आकार कसा झपाट्याने बदलला याचे उत्तर बहुधा तिच्यात आहे. परंतु निवडीबरोबर दोषही येतात. जुन्या घोडेवाल्यांना ‘सोमवारचा आजार’ ठाऊक होता. रविवारी सुट्टी असताना घोड्याला रोजचाच भरपूर खुराक मिळे, आणि सोमवारी जुंपल्यावर थोड्याच वेळात त्याचे मागचे स्नायू ताठरून तो जागीच खिळे. २००८ मध्ये अशा विकारामागचे एक जनुकीय कारण सापडले: स्नायूंत शर्करेचा साठा करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक बदललेले असले, की साठा प्रमाणाबाहेर होतो. बेल्जियन आणि पर्शरॉन जातींत हा बदल पुष्कळ आढळतो, शायर आणि क्लाइड्सडेलमध्ये क्वचित. रोज राबणाऱ्या आणि अर्धपोटी राहणाऱ्या घोड्याला असा साठा कदाचित उपकारकही ठरला असेल, असा तर्क केला जातो. घोडा जसजसा बिनकामाचा होत गेला, तसा दोष उघडा पडला.

हा घोडा हरला तो मुख्यतः पोटामुळे. बैल भराभर चरतो आणि मग बसून रवंथ करतो; घोड्याचे जठर लहान असते, चाऱ्याचे आंबणे मोठ्या आतड्यात होते, म्हणून त्याला वरचेवर खावे लागते आणि जड कामाला दाणाही लागतो. पंधरा किलो कोरडा चारा तो रोज खातो, मग नांगर चालो वा न चालो. ट्रॅक्टर गोठ्यात उभा असताना काही पीत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत सुमारे अडीच कोटी घोडे आणि खेचरे होती, आणि पिकाखालच्या जमिनीचा सुमारे पाव हिस्सा त्यांच्याच पोटासाठी राबत होता. १९१७ मध्ये फोर्डसन ट्रॅक्टर आला. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत फर्ग्युसनच्या लहानशा करड्या ट्रॅक्टरचे पाच लाखांहून अधिक नग तयार झाले. ब्रिटनमधील घोडे त्याच सुमारास कसायाकडे गेले. १९६६ मध्ये सफोक जातीच्या अवघ्या नऊ शिंगरांची नोंद झाली. ही जात तगली, त्यात हॉलेस्ली बे येथील तुरुंगाच्या शेताचाही वाटा आहे. तेथील घोडे कैदी सांभाळत, आणि २००६ मध्ये ते एका विश्वस्त संस्थेकडे आले.

घोड्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळदा सांगतात, की त्याच्या पायाने जमीन दबत नाही. हे अर्धे खरे आहे. ७५० किलोचा भार चार खुरांवर वाटला, तर उभ्या घोड्याखाली दर चौरस सेंटीमीटरला पाऊण किलोच्या आसपास दाब येतो, आणि चालताना एकावेळी कमी पाय टेकलेले असल्याने तो दुप्पट होतो. ट्रॅक्टरच्या रुंद टायरचा दाब याहून फारसा जास्त नसतो. फरक पडतो तो खोलवर. वरच्या थरातील दाब टेकलेल्या क्षेत्रावर अवलंबून असतो, पण हातभर खालच्या थरापर्यंत किती दाब पोहोचेल हे एकूण भारावर ठरते, आणि तेथे पाऊण टनाचा घोडा व अनेक टनांचा ट्रॅक्टर यांची बरोबरी होत नाही. ओल्या जंगलातून तोडलेले ओंडके बाहेर काढायला आणि फ्रान्समधील काही द्राक्षमळ्यांत अजून घोडा बोलावतात, तो यासाठी.

मग प्रश्न उरतो तो जतन करण्याचा. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये सफोकची एक मादी शिंगरू जन्मली, जिच्यासाठी शुक्राणू आधी निवडून वेगळे केले होते. मादी घडवणाऱ्या शुक्राणूत डीएनए सुमारे चार टक्के अधिक असतो. चमकणारा रंग लावून यंत्राने त्यांना निराळे काढता येते. जेथे प्रजननक्षम घोड्याच मोजक्या आहेत, तेथे हे तंत्र मोलाचे आहे. पण द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत जनुके राहतात, चाल राहत नाही. केवळ प्रदर्शनासाठी पैदास होऊ लागली, की उंची आणि पायाचे झुपके यांना बक्षिसे मिळतात. झुपकेदार पायांच्या काही जातींत पायांची वाढती, बरी न होणारी सूज आढळते, आणि ती शेतात राबणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. कोणता घोडा तासात सरळ चालतो, कोणता जोडीदारावर भार टाकतो, कोणता फाळ अडला असता बिथरतो, हे जुंपल्याशिवाय कळत नाही, आणि जे कळत नाही त्याची निवड करता येत नाही. क्लबच्या नांगरणीच्या स्पर्धा या अर्थाने पैदाशीची चाचणीच आहेत.

आणि मग ती कॉलर. हंगामाच्या आरंभी घोडा लठ्ठ असतो, महिनाभर नांगरला की त्याची मान उतरते, आणि नेमकी बसलेली कॉलर सैल होऊन खांद्याची कातडी सोलू लागते. म्हणून नवख्याला पहिल्याच दिवशी शिकवतात ते नांगर धरणे नव्हे. घोड्याने ओढ घेतली, की कॉलरच्या तळाशी, तिच्या आणि श्वासनलिकेच्या मध्ये, हाताचा पंजा सपाट सरकवून पाहायचा. पंजा अडला तर घोडा गुदमरेल, मूठ मावली तर खांदा सोलेल.