शेअर केलेला प्रिंटर आणि नेटवर्क प्रिंटर: केबल तीच, मालक वेगळा

घरात संगणक दोन, प्रिंटर एक, आणि वायफायच्या भानगडीत पडायचे नाही असे ठरवलेल्या माणसाला ‘प्रिंटर शेअर करा’ आणि ‘नेटवर्क प्रिंटर जोडा’ असे दोन सल्ले हमखास मिळतात. सल्ला देणारे पुष्कळदा हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. विंडोजही त्यात भर घालते, कारण दोन्ही प्रकारचे प्रिंटर ती एकाच यादीत, जवळपास सारख्याच चित्रासह दाखवते, आणि भिंतीच्या कडेने गेलेली लॅन केबलही दोन्हींत तीच असते. फरक आहे तो प्रिंटर कोणाच्या ताब्यात आहे याचा, आणि पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण त्या एका फरकातूनच निघते.

मुळात हा प्रश्न का उभा राहतो, हे आधी पाहायला हवे. घरगुती प्रिंटरची यूएसबी केबल पाहिली तर संगणकाकडचे टोक चपटे आणि प्रिंटरकडचे चौकोनी असते. ही रचना मुद्दाम केलेली आहे: यूएसबीच्या व्यवहारात एक बाजू यजमान आणि दुसरी बाजू आज्ञाधारक असते, आणि एका उपकरणाला एका वेळी एकच यजमान चालतो. म्हणून यूएसबी हब आणून त्याला दोन संगणक व एक प्रिंटर जोडण्याचा प्रयत्न फसतो. हब हा एका संगणकाला अनेक उपकरणे जोडण्यासाठी असतो. उलट काम करणारी, म्हणजे एक उपकरण दोन किंवा चार संगणकांत आलटून पालटून फिरवणारी डबी मिळते, तिला यूएसबी स्विच म्हणतात. बटण दाबले की प्रिंटर दुसऱ्या संगणकाचा होतो. १९९० च्या दशकात ज्यांनी कार्यालयांत काम केले असेल त्यांना जाड समांतर केबलींचा आणि गोल खटका फिरवायचा असाच एक पत्र्याचा डबा आठवेल. दोन्ही संगणक एकाच टेबलावर असतील तर माझ्या मते या डबीहून शहाणा उपाय नाही, कारण त्यात नेटवर्क, पासवर्ड, पत्ता यांपैकी काहीच नसते. मात्र यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंतच भरवशाची असते. खोली बदलली की लॅन केबलकडे वळावे लागते, जी एका सलग तुकड्यात शंभर मीटरपर्यंत चालते. आणि तिथेच आपले दोन शब्द समोर येतात.

शेअर केलेला प्रिंटर म्हणजे एका संगणकाला यूएसबीने जोडलेला आणि त्या संगणकाने इतरांना वापरायला दिलेला प्रिंटर. तो स्वतः नेटवर्कवर नसतो. नेटवर्कवर असतो तो संगणक. दुसऱ्या खोलीतली प्रिंट आधी त्या यजमान संगणकाकडे जाते, त्याच्या रांगेत उभी राहते आणि मग यूएसबीतून कागदावर उतरते. नेटवर्क प्रिंटर मात्र स्वतः लॅन केबल लावून घेतो आणि राऊटरकडून संगणकांसारखाच स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, मिळवतो. त्याच्यात एक छोटा संगणक असतो, जो ठरावीक पोर्टांवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या आभासी दारांवर, कान देऊन बसलेला असतो: साधा कच्चा माहितीप्रवाह घेणारा ९१००, जुन्या पद्धतीचा ५१५ आणि आयपीपी या नव्या प्रमाणित पद्धतीचा ६३१. कोणताही संगणक त्याच्याशी थेट बोलतो, मध्यस्थ लागत नाही.

कोणता प्रकार आपल्याकडे आहे हे ओळखायची सोपी कसोटी अशी की, एक संगणक पूर्ण बंद करावा आणि दुसऱ्यावरून प्रिंट द्यावी, मग हेच उलट करून पाहावे. दोन्ही वेळा कागद आला तर तो नेटवर्क प्रिंटर; एका वेळी अडला तर बंद असलेला संगणक यजमान होता.

ही कसोटी माझ्या भावाच्या घरी नकळत पार पडली. त्याचा डेस्कटॉप आणि प्रिंटर तळमजल्यावर, पुतणीचा लॅपटॉप वर. तिने रात्री उशिरा शाळेच्या प्रकल्पाची प्रिंट दिली, काही हालचाल दिसेना म्हणून आणखी दोनदा दिली आणि झोपी गेली. सकाळी दोन्ही संगणक सुरू होताच प्रकल्पाच्या तीन प्रती एकामागून एक बाहेर पडल्या. प्रिंटरमध्ये काहीही बिघाड नव्हता. यजमान झोपला होता, एवढेच. शेअर केलेल्या प्रिंटरच्या घरात त्या संगणकाची आपोआप झोपी जाण्याची सेटिंग बंद करावी लागते, आणि दिवसभर तो चालू ठेवायचा म्हटले तर विजेच्या बिलाचाही विचार करावा लागतो.

विंडोजमध्ये शेअर करण्याची कृती तशी दोन मिनिटांची आहे. यजमान संगणकावर प्रिंटरचे ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडून (‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ नव्हे, तिथे कागदाचा आकारच सापडेल) ‘शेअरिंग’ या पानावर खूण करायची, लहानसे, मधे जागा न सोडलेले नाव द्यायचे, आणि दुसऱ्या संगणकावर दोन उलट्या तिरक्या रेघा, यजमानाचे नाव, पुन्हा एक रेघ व प्रिंटरचे नाव असा पत्ता टाकायचा. एवढ्याने चालले तर उत्तमच. अनेक घरांत ते चालत नाही, आणि त्याची कारणे प्रिंटरकडे पाहून कधीच कळत नाहीत, कारण ती सगळी यजमान संगणकाच्या दाराशी असतात.

पहिले दार नेटवर्कच्या प्रकाराचे. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ ठरवते, आणि घरचे नेटवर्क पब्लिक म्हणून नोंदले गेले असेल तर ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ मूळ सेटिंगप्रमाणे बंदच राहते. दोन संगणक राऊटरशिवाय थेट एकमेकांना लॅन केबलने जोडले तर हा त्रास हमखास होतो: पत्ता वाटणारे कोणी नसल्यामुळे दोघेही स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता देतात, विंडोज त्या जोडणीला ‘अनोळखी नेटवर्क’ म्हणते आणि पब्लिक मानते. (अशा थेट जोडणीसाठी पूर्वी तारा उलटसुलट जोडलेली क्रॉसओव्हर केबल लागत असे, आजच्या बहुतेक लॅन पोर्टांना साधी केबल पुरते.)

दुसरे दार पासवर्डचे. घरच्या डेस्कटॉपवर पासवर्ड न ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि विंडोजचा मूळ नियम असा की पासवर्ड नसलेल्या खात्याने त्या यंत्रासमोर बसूनच प्रवेश मिळतो, नेटवर्कवरून नाही. त्यामुळे दुसऱ्या संगणकावर नाव-पासवर्ड विचारणारी खिडकी येते, पासवर्ड तर नाहीच, आणि रिकामी चौकट कितीही वेळा पाठवली तरी नकारच येतो. ज्यांनी चार आकडी पिन ठेवला आहे तेही फसतात, कारण पिन त्या यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो. माझा उपाय असा: यजमानावर केवळ प्रिंटसाठी एक साधे स्थानिक खाते काढावे, त्याला पासवर्ड द्यावा आणि तोच दुसऱ्या संगणकावर एकदा जतन करून ठेवावा.

तिसरे दार २०२१ मध्ये बसवले गेले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली (छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागातली) ‘प्रिंट नाइटमेअर’ नावाची गंभीर त्रुटी गाजली. शेअर केलेल्या प्रिंटरची सोय अशी होती की पाहुणा, म्हणजे दुसरा, संगणक यजमानाकडूनच ड्रायव्हर (त्या प्रिंटरशी बोलायला लागणारा प्रोग्राम) उचलून घेई. हल्लेखोरांना नेमकी तीच वाट सापडली. ऑगस्टच्या दुरुस्तीनंतर असा ड्रायव्हर बसवायला प्रशासकाचा अधिकार लागू लागला, आणि सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर कित्येक ठिकाणी शेवटी ‘११बी’ असलेला त्रुटी क्रमांक दाखवून जोडणीच नाकारली जाऊ लागली. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात, एक आकडा बदलून ही अडचण दूर करण्याचा तोडगा अजून फिरतो; तो चालतो, पण त्याने बंद केलेले दार पुन्हा उघडते. दोन्ही संगणक अद्ययावत करणे हा सरळ मार्ग आहे. तेवढ्याने भागले नाही तर पाहुण्या संगणकावर ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसवून, ‘लोकल पोर्ट’ या नावाखाली यजमानाचा तो तिरक्या रेघांचा पत्ता द्यावा. म्हणजे ड्रायव्हर उचलण्याचा प्रसंगच येत नाही.

नेटवर्क प्रिंटरला ही तिन्ही दारे लागू नाहीत. ज्याच्या त्याच्या संगणकावर ज्याचा त्याचा ड्रायव्हर असतो, पासवर्ड कोणी विचारत नाही, आणि एक संगणक विंडोजचा व दुसरा मॅक असला तरी बिघडत नाही. त्याचे दुखणे एकच, पण चिवट: पत्ता बदलणे. राऊटर पत्ते काही मुदतीपुरते वाटतो. वीज गेली, परत आली, सगळी उपकरणे एकदम जागी झाली, की काल १९२.१६८.१.५ वर असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.८ वर जाऊ शकतो, आणि संगणक मात्र जुन्याच दारावर थाप मारत ‘ऑफलाइन’ असे सांगत राहतो. म्हणून राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक क्रमांकासाठी (हा नेटवर्क उपकरणाचा ओळखक्रमांक, मॅक संगणकाशी त्याचा संबंध नाही) एक पत्ता राखून ठेवावा; हा बारा अक्षरांचा क्रमांक प्रिंटरमधूनच छापता येणाऱ्या माहितीपानावर असतो. त्यानंतर विंडोजमध्ये आपोआप सापडलेला प्रिंटर न घेता ‘टीसीपी/आयपी पत्त्याने जोडा’ हा पर्याय निवडावा. इतके करूनही प्रिंटर चालू असताना ऑफलाइन दिसत असेल, तर पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ (प्रिंटरची स्थिती विचारण्याची पद्धत) समोरची खूण काढून पाहावी; ही एवढीशी खूण बऱ्याच जणांच्या संध्याकाळी खाऊन गेली आहे.

फायबरवाल्याने बसवलेला डबा आणि आपण विकत आणलेला राऊटर असे दोन्ही घरात असतील तर आणखी एक गोष्ट तपासावी. प्रिंटर एका डब्याला आणि संगणक दुसऱ्याला जोडलेला असेल, तर एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होऊन ती दोन वेगळी नेटवर्के झालेली असू शकतात. मग यादीत काहीच दिसत नाही. दोन्ही एकाच डब्यात खोचावीत, आणि पोर्ट कमी पडत असतील तर पाच पोर्टांचा साधा नेटवर्क स्विच घ्यावा, ज्याचा वर सांगितलेल्या यूएसबी स्विचशी नावापुरताच संबंध आहे.

रांगेच्या बाबतीत मात्र शेअर केलेला प्रिंटर उजवा ठरतो, हे मान्य केले पाहिजे. तिथे सगळ्यांच्या प्रिंट यजमानाच्या एकाच रांगेत असतात. चुकून सुटलेली चाळीस पानांची पीडीएफ तिथे बसलेला माणूस थांबवू शकतो. नेटवर्क प्रिंटरच्या घरात प्रत्येक संगणकाची रांग वेगळी असते, दुसऱ्याने काय सोडले आहे ते दिसत नाही, आणि थांबवायचे तर प्रिंटरपाशी पळावे लागते.

स्कॅनरच्या बाबतीत पारडे पूर्ण फिरते. विंडोजचे शेअरिंग छपाईपुरतेच आहे. ऑल-इन-वन यंत्र यूएसबीने लावून शेअर केले तर दुसऱ्या संगणकावरून प्रिंट निघेल, पण आधार कार्ड स्कॅन करायला यजमान संगणकासमोरच बसावे लागेल. नेटवर्कला थेट जोडलेले ऑल-इन-वन सहसा प्रत्येक संगणकावर स्कॅनही पाठवू शकते. हा मुद्दा विक्रेते क्वचितच सांगतात, आणि घरी छपाईइतकेच स्कॅनिंग होत असेल तर निवड यावरच ठरायला हवी.

नवा प्रिंटर घेताना खोक्यावरच्या अक्षरांवर विसंबू नये. काही कंपन्यांच्या मॉडेलच्या शेवटी असलेला ‘एन’ नेटवर्कचा आणि ‘डब्ल्यू’ वायरलेसचा असतो; परंतु नुसता ‘डब्ल्यू’ असलेल्या कित्येक यंत्रांना लॅनचे पोर्ट नसतेच, आणि ‘डी’ म्हणजे केवळ दोन्ही बाजूंची छपाई. यंत्र उलटे फिरवून मागे पाहावे. फॅक्स असलेल्या यंत्रांना टेलिफोनच्या तारेचे एक छोटे भोक असते, त्याला लॅनचे पोर्ट समजण्याची चूक होते. लॅनचे पोर्ट त्याहून रुंद आणि आठ पिनांचे असते.

राहता राहिला हातातला चांगला चालणारा, पण फक्त यूएसबी असलेला प्रिंटर. त्याला नेटवर्क प्रिंटर करण्यासाठी प्रिंट सर्व्हर नावाची डबी मिळते, जिच्या एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला लॅन असते. काही राऊटरांच्या यूएसबी पोर्टातही ही सोय असते. दोन्हींत स्कॅनरची हमी धरू नये. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घेऊन त्यावर कप्स ही मुक्त छपाई प्रणाली बसवणे हा हौशी लोकांचा मार्ग. मायकेल स्वीट यांनी लिहिलेली ही प्रणाली लिनक्सबरोबर मॅकमध्येही वापरली जाते. व्याख्येनुसार असा प्रिंटर शेअर केलेलाच आहे, कारण त्याला यजमान आहे. पण हा यजमान अत्यल्प विजेवर रात्रंदिवस जागा राहतो आणि बाहेरच्या संगणकांशी आयपीपीनेच बोलतो, त्यामुळे वागणुकीने तो नेटवर्क प्रिंटर होतो. पैसे घालण्यापूर्वी एकच खात्री करावी. स्वस्त घरगुती लेझरांपैकी अनेकांना प्रमाणित छपाई-भाषा कळत नाही. पानाचे चित्र संगणकातला त्यांचा खास ड्रायव्हरच तयार करून देतो. तो ड्रायव्हर कंपनीने लिनक्ससाठी दिलेला असला तरी बहुधा इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरपुरताच असतो, आणि पायचा प्रोसेसर एआरएम या वेगळ्या जातीचा आहे, त्यावर तो चालत नाही.