बिब्बा उतावा तसं, पण तसं नव्हे

माझ्या डाव्या घोट्यावर रुपयाएवढा काळा डाग आहे. सातवीत असताना टाचेत काटा मोडला, तेव्हा आजीनं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याच्या तेलाचा चटका दिला. एक थेंब घोट्यावर ओघळला. त्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी खाज, तिसऱ्या दिवशी पाण्याचे फोड. "उतला गं बाई," म्हणत आजी खोबरं चोळत बसली.

पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅस या रासायनिक अस्त्राबद्दल वाचताना मला तोच थेंब आठवतो. नावात मोहरी असली तरी फोडणीतल्या मोहरीशी त्याचा संबंध नाही. वास थोडा मोहरी-लसणासारखा, एवढंच. गॅस हेही म्हणायलाच. मुळात तो तेलकट द्रव, साधारण १४ अंशांखाली गोठणारा. जुलै १९१७ मध्ये जर्मन सैन्यानं बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ तो पहिल्यांदा वापरला, तेव्हा बरेच सैनिक शिंका देऊन झोपी गेले. काही तासांनी डोळ्यांची आग होऊन जागे झाले, आणि मग कातडीवर फोड उठू लागले.

मधल्या त्या तासांतच खरी गोम आहे. हे तेल काही मिनिटांत कातडीत मुरतं आणि दुखत मात्र नाही. आत गेल्यावर पेशीतल्या डीएनएच्या दोन धाग्यांना ते एकमेकांशी जखडून टाकतं. चेन अडकली की पिशवी उघडत नाही, तसे ते धागे सुटे होत नाहीत आणि पेशीला विभागता येत नाही. सगळ्यात जास्त मार बसतो तो कातडीच्या तळच्या थराला, कारण नवी कातडी तिथेच तयार होते. तो थर मेला की वरची कातडी खालच्या कातडीपासून सुटते आणि मधे पाणी भरतं. आधी लालसर डागाच्या कडेनं मण्यांसारखे बारीक फोड येतात, मग ते एकत्र होऊन पिवळसर मोठा फोड. त्या पाण्यात विष उरलेलं नसतं; नुकसान करून ते केव्हाच संपलेलं असतं. म्हणून धुवायचं तर पहिल्या काही मिनिटांतच.

बिब्ब्याचं तसं नाही. तिथे आपलीच प्रतिकारशक्ती चवताळते, ती ॲलर्जी असते. काहींना तर बिब्बा मुळीच उतत नाही. मस्टर्ड मात्र कोणालाच सोडत नाही.

काख, जांघ अशा ओलसर, उबदार जागी ते जास्त जाळतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो, सदरा पाठीला चिकटलेला असतो. अशा अंगाला हे तेल अधिक बाधतं. ब्रिटिशांनाही हिंदी कातडीची उत्सुकता होतीच. १९३० च्या दशकात रावळपिंडीत त्यांनी शेकडो भारतीय सैनिकांवर याच्या चाचण्या केल्या. गोऱ्यांपेक्षा यांची कातडी जास्त भाजते का, हे बघायला! काही जण इतके भाजले की रुग्णालयात ठेवावे लागले. आपल्याच माणसांच्या अंगावर लिहिलेलं हे पान शाळेच्या इतिहासात मला तरी कधी भेटलं नाही.

साधा भाजलेला फोड दोन-तीन आठवड्यांत भरतो, याला महिने लागू शकतात. नंतरही कातडी पूर्ववत होत नाही. रंग बनवणाऱ्या पेशी जिथे मेल्या तिथे पांढरे चट्टे, जिथे चेकाळल्या तिथे काळेकुट्ट डाग, कधी दोन्ही शेजारी शेजारी. घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी गेल्यामुळे कातडी कोरडी पडते, व्रण पातळ राहतो, जरा घासला की सोलतो. क्वचित अशा जुन्या व्रणात कर्करोगही होतो.

इराणमधल्या सरदश्त शहरावर २८ जून १९८७ रोजी इराकी विमानांनी मस्टर्डचे बॉम्ब टाकले. इराणी डॉक्टरांनी अशा रुग्णांना पुढे वर्षानुवर्षं तपासलं. त्यांची नेहमीची तक्रार खाजेची: वीस-वीस वर्षं जुन्या जागी, झोप मोडणारी. याला उतारा आजही नाही. कातडी ओली ठेवणारं मलम, खाजेची गोळी, फार झालं तर स्टेरॉइडचं क्रीम. आजीच्या खोबऱ्यापेक्षा ते फार पुढचं नाही.