शेकोटीची चिक्की आणि खाडीची हवा

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीतल्या पोरांनी शेकोटीची टूम काढली. ठाण्यात घोडबंदर रोडला थंडी पडते ती जेमतेम, पण मुलांना तेवढी पुरते. सेक्रेटरींनी अट घातली: जाळ लोखंडी घमेल्यातच, खाली वाळू, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. (येऊरला जाऊन पेटवू, असंही एकाने सुचवलं होतं. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे काडीही ओढायची नाही, एवढं सांगून तो विषय मिटवला.) गोडाचं काम माझ्याकडे आलं. जांभळी नाक्यावरून चिक्कीचा गूळ आणला, दुपारीच शेंगदाण्याची चिक्की केली, वड्या पाडून ताटात ठेवल्या, वर नुसतं जाळीचं झाकण. संध्याकाळी सात वाजता एक वडी उचलली, तर तिच्यामागोमाग अख्खं ताट उठलं.

चूक माझीच होती, पण ती पाकात नव्हती. पाक अगदी बरोबर जमला होता. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला की कट्‌कन मोडायला हवा, तसा मोडला होता. ही आजीची परीक्षा म्हणजे तापमापकच. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात साखर किंवा गूळ विरघळला की उकळायला जास्त तापमान लागतं, आणि पाणी उडत जाईल तसा आकडा चढत जातो. एकतारी पाक 105 अंशांच्या आसपास, मऊ गोळी 115च्या आसपास, आणि चिक्कीचा पाक 150च्या आगेमागे. तिथवर पोचेपर्यंत पाकात जेमतेम एक-दोन टक्के पाणी उरलेलं असतं. म्हणजे पाकाचं तापमान मोजताना आपण खरं तर उरलेलं पाणीच मोजत असतो.

हा पाक पोळपाटावर पसरला की झपाट्याने थिजतो. साखरेच्या रेणूंना रांगेत बसून स्फटिक व्हायला सवड मिळत नाही, ते जिथे असतील तिथेच अडकतात. अशा पदार्थाला विज्ञानात काच म्हणतात. चिक्की ही खाण्याची काच आहे, म्हणून ती वाकत नाही, तुटते. पण खिडकीच्या काचेला पाण्याचं भय नसतं, हिला असतं. कोरड्या साखरेची काच मऊ पडायला साधारण 60 अंश तरी लागतात. तिच्यात चार-पाच टक्के पाणी शिरलं की घरातली ऊबसुद्धा पुरते. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेण्यात पटाईत, त्यामुळे गुळाची चिक्की साखरेच्या चिक्कीआधी चिकटते.

आणि आमच्याकडे ओलाव्याला तोटा नाही, खाडी हाकेच्या अंतरावर. शिवाय सूर्य कलला, हवा गार झाली की तिची बाष्प धरून ठेवायची ताकद कमी होते. बाष्प तेवढंच, पण सापेक्ष आर्द्रता वाढते. थोडक्यात, शेकोटीची वेळ ही चिक्की उघडी ठेवायची सगळ्यात वाईट वेळ. वड्या पूर्ण गार झाल्या की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, मध्ये बटर पेपर, आणि वाढायच्या क्षणी झाकण काढायचं. फ्रिजचा मोह नको. गार डबा बाहेर आणून उघडला की फ्रिजमधल्या बाटलीला सुटतो तसा घाम वड्यांनाही सुटतो.

लहान दातांसाठी एक युक्ती: पाक उतरवताना चिमूटभर खायचा सोडा घाला. उष्णतेने सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, पाक फसफसतो, आणि थिजताना बुडबुडे आत अडकून वडी खुसखुशीत होते. हे सगळं आदल्या दिवशी, मुलं शाळेत असताना उरका. 150 अंशांचा पाक अंगावर उडाला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून भाजत राहतो. आदल्या दिवशी करण्याचं माझ्या लेखी हेच मोठं कारण आहे.

बेसनाचे लाडू, तिळाचे लाडू यांना असली नाटकं नाहीत. पदार्थ किती टिकेल हे त्यात पाणी किती यापेक्षा त्यातलं मोकळं पाणी किती यावर ठरतं. मधात 17-18 टक्के पाणी असूनही तो नासत नाही, कारण ते पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं. पावाला मात्र चार दिवसांत बुरशी येते. बेसनाच्या लाडवात भाजल्यावर पाणी जवळजवळ उरतच नाही, जंतूंनी जगायचं कशावर? ओल्या नारळाच्या वड्या दोन दिवसांवर नेऊ नका. फ्रूट कस्टर्ड, खीर वगैरे तर नकोच. दुधाचे पदार्थ 5 ते 60 अंशांच्या मध्ये दोन तासांहून जास्त राहिले की जंतूंची चंगळ, आणि शेकोटीभोवती वेळेचं भान कुणाला असतं?

मुलांना मार्शमेलो हवे असतात. ते बहुतेक जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज. शाकाहारी घरातल्या मुलांसाठी पाकीट वाचून घ्या. जिलेटिनऐवजी चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनचं अगर) घालून घरी केलेले काडीला लावून भाजायला जाऊ नका. जिलेटिन अंगाच्या उबेनेही पाघळतं, चायना ग्रासला 85 अंश लागतात, तोवर बाहेरची साखर जळून कोळसा.

खरा शेकोटीचा गोड पदार्थ म्हणजे रताळं, आणि त्यातली साखर आपण घालत नाही. रताळ्यात पिठूळ स्टार्च असतो आणि तो तोडणारं अमायलेज नावाचं विकरही (एन्झाइम) असतं. साधारण 60 अंशांच्या पुढे स्टार्च फुगून मोकळा होतो आणि विकर त्याची माल्टोज नावाची साखर करू लागतं. 80च्या पुढे विकर स्वतःच निकामी होतं. म्हणून कुकरच्या शिट्टीत भरकन शिजलेलं रताळं बेताचंच गोड लागतं, तर सावकाश तापलेलं त्या मधल्या पट्ट्यात बराच वेळ रेंगाळतं आणि गोड होत जातं. निखाऱ्यात कच्चं टाकलं तर बाहेर जळतं, आत राठ राहतं. यंदा मी रताळी दुपारी फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये 150 अंशांवर दीड तास ठेवणार आहे, सालीतून तपकिरी चिकट रस पाझरेपर्यंत. रात्री जाळ बसल्यावर फॉइल सोडून दहा मिनिटं निखाऱ्यांच्या कडेला, धुराच्या वासापुरती. मुलांच्या हातात देण्याआधी मात्र मधोमध चिरून पाच मिनिटं ताटात पसरायची. साल निवली तरी आतला ओला गर बराच वेळ चटका देण्याइतका गरम असतो.