एकच फोटो, रंग मात्र दोघांचे दोन

फेब्रुवारी २०१५मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर वाद पेटला. एकाच स्क्रीनकडे पाहणाऱ्या दोघांपैकी एकाला ड्रेस निळा-काळा दिसे, तर दुसरा शपथेवर सांगे, पांढरा-सोनेरी! मला तो पांढरा-सोनेरीच दिसला. खरा ड्रेस निळा-काळा आहे हे कळून इतकी वर्षं झाली, तरी आजही तसाच दिसतो.

अशा वेळी पहिला संशय डोळ्यांवर जातो. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या असतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण माणसागणिक खूप बदलतं. पण गंमत अशी, की हे प्रमाण कितीही वेगळं असलं तरी शुद्ध पिवळा कोणता यावर बहुतेकांचं जवळजवळ एकमत होतं. तेव्हा नुसता डोळ्यांना दोष देऊन भागत नाही.

एक कोरा कागद घ्या. निरभ्र आकाशाखाली, सावलीत धरला तर त्यावरून परतणारा प्रकाश निळसर असतो. जुन्या पद्धतीच्या बल्बखाली तोच पिवळसर होतो. तरी दोन्हीकडे आपण त्याला पांढराच म्हणतो. उजेडाचा रंग कोणता असेल याचा अंदाज बांधून मेंदू तो वजा करतो आणि उरलेला रंग आपल्याला दाखवतो. याला रंगस्थैर्य म्हणतात. हे सगळं आपल्या नकळत, क्षणार्धात घडतं.

त्या फोटोत नेमकी इथेच पंचाईत होती. मागे भगभगीत उजेड, पण ड्रेसवर कोणता प्रकाश पडलाय हे सांगणारी खूण जवळपास नाहीच. ज्याचा मेंदू ड्रेस सावलीत आहे असं धरून चालला, त्याने निळेपणा वजा केला आणि त्याला पांढरा-सोनेरी दिसला. ज्याच्या मेंदूने दिव्याचा पिवळा उजेड गृहीत धरला, त्याच्या वाट्याला निळा-काळा आला. स्वतः करून पाहायचं असेल तर एका कागदाला पेन्सिलीएवढं भोक पाडा आणि तो स्क्रीनवर सरकवत न्या. भोकातून दिसतील फिकट निळे आणि तपकिरी ठिपके. आजूबाजूचं चित्र झाकलं गेलं, की भांडणाचं कारणच बरंचसं नाहीसं होतं.

निळा-पिवळा हीच जोडी का? कारण सूर्यप्रकाश स्वतःच दिवसभर याच दोन टोकांमध्ये फिरत असतो. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या पास्कल वॉलिश यांनी १३,०००हून अधिक लोकांना विचारलं, तेव्हा ड्रेस सावलीत आहे असं मानणाऱ्यांना तो पांढरा-सोनेरी दिसण्याचं प्रमाण जास्त निघालं. पहाटे उठणाऱ्यांचा कलही थोडा तिकडेच होता.

याच्या उलट उदाहरण जपानी मानसशास्त्रज्ञ अकियोशी किताओका यांच्या स्ट्रॉबेरींच्या चित्राचं. चित्रात लाल म्हणावा असा एकही पिक्सेल नाही, तरी फळं लाल दिसतात. तिथे निळसर-हिरवट झाक इतकी उघड आहे, की जवळपास सगळ्यांचे मेंदू एकच वजाबाकी करतात. मला हे ड्रेसपेक्षाही थक्क करणारं वाटतं, कारण इथे वाद घालायला समोर कोणी उरतच नाही.

आणि हा अंदाज कायमचा कोरलेलाही नसतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पिवळं पडलेलं भिंग निघाल्यावर अनेकांना सुरुवातीला सगळं निळसर भासतं. मग हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी, पांढरी भिंत पुन्हा पांढरी दिसायला लागते.